कापलेल्या दस्त्याची पूजा

रायवाडीच्या गढीत पुरुष माणूस उरलं नव्हतं, म्हणून सासऱ्यांची बंदूक सून गोदूताईंच्या हाती आली. तिचा लाकडी दस्ता इतका लांब, की खांद्याला लावला तर बोट चापापर्यंत पोचेना, आणि अरुंद जिन्यात वळताना नळी भिंतीला अडे. दरोडेखोरांची आवई उठली तशी त्यांनी सुताराकडून दस्ता चार बोटं कापून घेतला.

खंडेनवमीला सरदार मानाजीराव शस्त्रपूजेला आले आणि पाटावरची बंदूक बघून भडकले. "खंडित शस्त्राची पूजा होत नाही. घराण्याचं नाक कापलंत, गोदूबाई. ही बंदूक आता आमच्या शिलेखान्यात जाईल."

बंदूक गेली की गढी उघडीच पडणार होती. पण सरदारांपुढे बोलणार कोण?

गोदूताईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. "सरकार, अंगावरचा जरीचा अंगरखा आपल्या आजोबांचाच ना? ते तर ताडमाड होते म्हणे."

"होतेच. दर खंडेनवमीला आम्ही तोच घालतो."

"मग आपल्याला इतका नेमका कसा बसतो?"

"खालून कापून मापाचा करून घेतला. नाहीतर पायात अडकून पडलो नसतो का?"

"मीही तेच केलं, सरकार. आपण पडला असतात तर लोक नुसते हसले असते. मी जिन्यात अडकले असते तर गढी लुटली गेली असती."

मानाजीराव क्षणभर अंगरख्याच्या काठाकडे बघत राहिले. मग त्यांनी झेंडूचं फूल उचलून कापलेल्या दस्त्यावर वाहिलं आणि निघताना हळूच विचारलं,

"सुतार कोणता तुमचा? आमच्या सूनबाईही तुमच्याच चणीच्या आहेत."