पुडीवरचा हात

"सगळ्यांना परवानगी दिली आहेस?"

"सगळ्यांना, गुरुजी."

"मग सर्जाला का उघडत नाही?"

सुश्रुत गप्प बसला. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणजे खरोखरच अडलं होतं.

नरहरबुवांच्या घरी राहून पखवाज शिकायला येण्याआधी सुश्रुत पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत होता. इथे आल्यावर त्याने बुवांच्या वादनाच्या जुन्या कॅसेटी एकेक करून कंप्युटरवर उतरवल्या. घरातले तिन्ही कंप्युटर एकमेकांना जोडले आणि सगळं वादन आपल्या कंप्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवलं. ज्याने त्याने आपापल्या खोलीत बसून ऐकावं. काम चोख होतं, आणि ते चोख आहे हे तो अधूनमधून स्वतःच सांगायचा.

त्या कामाचं मोल आता कळत होतं. गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूने बुवांचा डावा हात गेला. बोल ते अजून तोंडाने सांगत. पण हाताचं वजन तोंडाने सांगता येत नाही.

रामनवमी परवावर आली होती. गावच्या देवळात बुवा दरवर्षी हजेरी लावत आणि शेवटी आपल्या गुरूंनी बांधलेली एक परण, बोलांची लांब रचना, वाजवत. यंदा ती त्यांच्या दुसऱ्या शिष्याने, सर्जेरावाने वाजवावी, असं बुवांनी ठरवलं होतं. बुवांच्या हातची ती परण त्या फोल्डरमध्ये होती. आणि सर्जेरावाच्या खोलीत फोल्डर उघडत नव्हता. पडद्यावर एकच वाक्य येई... तुम्हाला परवानगी नाही.

तिसरी शिष्या नंदिनी. तिच्या खोलीत तो बिनतक्रार उघडत होता.

सुश्रुतने सकाळपासून काही बाकी ठेवलं नव्हतं. वायर बदलून पाहिली. कंप्युटर बंद करून चालू केले. सर्जेराव पासवर्डच चुकीचा टाकत असणार म्हणून त्याला पुन्हा पुन्हा टाकायला लावला. मग त्याच्या कंप्युटरचं वय झालंय, असा निकाल देऊन मोकळा झाला. शेवटी 'सगळे' असं लिहिलेल्या ओळीपुढे होत्या नव्हत्या त्या सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. उघडा, वाचा, बदला, हवं तर पुसून टाका.

तरी नाहीच.

"त्याला माझ्या खोलीत येऊन ऐकू दे की," सुश्रुत म्हणाला. "नाहीतर पेनड्राइव्हवर घालून देतो."

"त्याने तुझ्या दाराशी का यावं?"



सर्जेराव उंबऱ्याशी उभा होता. वडिलांच्या आजारपणासाठी तो बरेच महिने आपल्या गावी होता, माघात परत आला. आल्या आल्या त्याने फोल्डर उघडत नसल्याचं सांगितलं होतं. सुश्रुत बघतो म्हणाला होता. पुन्हा सांगितलं, तेव्हाही बघतो म्हणाला. मग सर्जेरावाने सांगणंच सोडलं.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," तो आता म्हणाला. "मी बोलांवरनंच बसवतो." आणि आपल्या खोलीत निघून गेला.



"पखवाज आण," बुवा सुश्रुतला म्हणाले.

सुश्रुतने पखवाज आणला. डाव्या पुडीच्या चामड्याला कणीक लावली, मांडी घालून बसला. परवानगीच्या भानगडीत हा रियाज कुठून आला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"माझा हात घे. हा, डावा. शाईच्या, उजव्या पुडीवर ठेव."

सुश्रुतने तो हात उचलला. एका हाताने उचलवेना, म्हणून दोन्ही हातांनी. जपून पुडीच्या काठावर ठेवला.

"वाजव."

थाप पडली, पण नाद उठला नाही. ओल्या पोत्यावर मारावं तसा आवाज आला.

"जोरात."

पुन्हा तेच.

"आणखी जोरात."

सुश्रुतचा तळवा लाल झाला. स्वयंपाकघरातून नंदिनी डोकावली आणि आत गेली. पखवाज काही बोलेना.

"गुरुजी, नाद निघणार कसा? तुमचा हात काढा ना."

बुवांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग सुश्रुतकडे.

"मी ठेवलाय?"

...

सुश्रुतचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग त्याने तो खाली घेतला. बुवांचा हात हलकेच पुडीवरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. थाप मात्र मारली नाही. उठला आणि आपल्या खोलीत गेला.

फोल्डरच्या परवानग्या त्याने पुन्हा उघडल्या. या वेळी 'सगळे'च्या ओळीवर थांबला नाही. खाली गेला. तिथे एक वेगळी ओळ होती. सर्जेरावाच्या नावाची. तिच्यापुढे, नकाराच्या रकान्यात, एक छोटी बरोबरची खूण.

कंप्युटरचा हा नियम त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. सगळ्यांना कितीही होकार द्या, एकाच्या नावाने नकार ठेवला असेल तर त्याच्यापुरता नकारच खरा.

खूण त्याचीच होती. गेल्या रामनवमीला, देवळात, बुवांनी साथीला सर्जेरावाला शेजारी बसवलं आणि सुश्रुतला कणीक भिजवायला सांगितलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी आल्याबरोबर त्याने पहिलं काम केलं ते हे. पुढे सर्जेराव गावी गेला. राग कधीतरी विरला. खूण तिथेच राहिली.

 सुश्रुतला मनापासून लाज वाटली.

त्याने खूण काढली आणि सर्जेरावाला हाक मारून पुन्हा बघायला सांगितलं.

थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून पखवाज ऐकू आला. बुवांचा पखवाज, बुवांचे दोन्ही हात. बाहेर बुवांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली. डावा हात होता तिथेच पडून होता, आणि त्याची आठवण त्यांना फार झाली.

मग त्या वादनामागून एक दुसरा हात ऐकू येऊ लागला. सावकाश, चाचपडत.

सुश्रुत येऊन बुवांसमोर बसला. काय सापडलं, कोणी केलं, कधी केलं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. 

"एवढीशी खूण होती, गुरुजी," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. "मी तर विसरूनही गेलो होतो."

आत परण संपली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली...

"केवढी होती," बुवा म्हणाले, "ते सर्जाला विचार."