पाझरणारं मडकं आणि सीतेची वेणी

बहिणीला भेटायला भाऊ दोन दिवस चालत येत आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा एका गावात एक माळी राहत होता. त्याच्या हाताला गुण होता. त्याने वाळकी काडी मातीत खोचली तरी तिला पालवी फुटते, असं गाव म्हणे, आणि माळीही ते नाकारत नसे. त्याच्यात खोट एकच होती. तो कधी कुणाला काही विचारत नसे. ज्याला सगळं येतं, त्याने विचारायचं कशाला?

माळ्याची बायको डोंगरातली. तिच्या माहेरी ओढ्याकाठी एक जुना आंबा होता आणि त्याच्या खोडावर सीतेची वेणी फुलायची. इवल्या गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब तुरा, वेणीसारखाच खाली लोंबणारा. दर ज्येष्ठात तिचा थोरला भाऊ ओल्या पंच्यात गुंडाळून एक तुरा घेऊन यायचा. ती तो केसांत माळायची. मग चार दिवस त्या घरात दुसरा विषय नसे. ओढ्याचं पाणी, आंब्याला आईने बांधलेला झोका, झोक्यावरून पडून फुटलेलं ढोपर, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगून व्हायचं. फुलं सुकली तरी ती टाकून देत नसे. कणगीवर ठेवून द्यायची.

एका वर्षी भाऊ आला तो काठी टेकत. ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि मग त्याने सांगितलं, की वादळात आंबा पडला. आपले गुडघेही आता दोन दिवसांची वाट चालत नाहीत, तेव्हा ही बहुधा शेवटची खेप. एवढं बोलून त्याने पंचा सोडला. आत फुलं नव्हती. सालीच्या तुकड्याला चिकटलेलं अख्खं रोप होतं, जाड पानांचं आणि दोऱ्यांसारख्या पांढऱ्या मुळांचं.

"बये, आंब्यावरचं एवढंच वाचलं," भाऊ म्हणाला. "आता हेच तुझं माहेर."

माळिणीने रोप पदरात घेतलं आणि आत निघून गेली. बायकोवर माळ्याची माया होती, फक्त ती त्याला कधी बोलून दाखवता आली नव्हती. तो उठून म्हणाला, "याला फूल आणलं नाही, तर माळी नाव लावणार नाही." भाऊ काहीतरी सांगायला गेला, पण माळी तोवर कुदळ घेऊन परड्यात पोचलाही होता.

त्याने बागेतली सगळ्यांत काळी माती काढली. तीत मुरलेलं शेणखत घातलं, मुळं चांगली खोल पुरली आणि दिवसातून तीनदा घागर ओतू लागला. आठ दिवसांत एक पान पिवळं पडलं. माळ्याला वाटलं, उपाशी असेल. त्याने खत वाढवलं. आणखी दोन पानं गळाली. वाटलं, तहानलेलं असेल. पाणी वाढवलं. पंधराव्या दिवशी त्याने रोप उकरून पाहिलं, तर मुळं कुजून बोटांना चिकटली. उरली दोन पानं आणि करंगळीएवढं एक धड मूळ.

ते हातात घेऊन तो बायकोसमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं, "अगं, तुमच्याकडे याला माती कुठली घालायचे?"

"कुठलीच नाही. ते आंब्यावर राहायचं. मुळं उघडीच. ओढ्याच्या दवाने खोड ओलं असायचं, तेवढंच."

"म्हणजे बांडगूळच की."

"बांडगूळ झाडाचं खातं. हिने आंब्याचं कधी काही घेतलं नाही. नुसती त्याला धरून असायची."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" माळीण म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून माळ्याला तो जास्त लागला.

आता त्या कोरड्या गावात बारा महिने ओलं राहणारं खोड आणायचं कुठून? माळी विहिरीपाशी हिंडला, पाटाकडेची झाडं चाचपून आला. हिंडत हिंडत तो कुंभारवाड्यात शिरला आणि एका अंगणात थबकला. कडुनिंबाच्या सावलीत एक रांजण होता. तो बाहेरून ओलसर होता, सगळ्या अंगाला सारखा, आणि त्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं. माळ्याने रांजण ओळखला आणि त्याची मान खाली गेली.

चार वर्षांपूर्वी तो रांजण त्यानेच नेला होता. भर उन्हात बागेत ठेवला आणि सकाळी भरलेला संध्याकाळी अर्धा झाला, तेव्हा तो भर बाजारात कुंभारणीच्या पुढ्यात आणून आदळला होता. "हिची मडकी आणि चुगलखोराचं पोट, दोन्हींत काही टिकत नाही," असं तो म्हणाला होता आणि सगळा बाजार हसला होता. कुंभारीण सांगत होती, की हा सावलीत ठेवून गार पाणी प्यायचा रांजण आहे. ऐकतो कोण! तेव्हापासून गाव तिला गळकी कुंभारीण म्हणू लागलं. नवऱ्याच्या मागे एकटीने चाक चालवणारी बाई ती, ते नाव तिने मुकाट्याने सोसलं.

माळ्याने तिच्याकडे पाझरणारं मडकं मागितलं. कशासाठी, तेही सांगितलं. कुंभारणीने हातातली माती खाली ठेवली.

"देईन की," ती म्हणाली. "पण दादा, जे बाजारात बोललात, ते बाजारातच परत घ्या."

माळी तसाच परतला. चारचौघांत कान धरायचे, तेही ह्या वयात? वाटेत त्याने मनाशी ठरवूनही टाकलं, की एक रोप मेलं तर मेलं. घरी आला तर माळीण दारात बसली होती. पदराचं टोक ओलं करून ती त्या एकुलत्या मुळाला लावत होती, थोडं थांबत होती, पुन्हा लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी माळी कुंभारणीच्या मडक्यांपाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "चार वर्षांमागे मी इथं या मावशींच्या मडक्याला नावं ठेवली. मडकं चांगलं होतं. मला वापरायला कळलं नाही." बाजार पुन्हा हसला, आणि या खेपेला माळ्याला हसला. कुंभारीण मात्र हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी चाकावर माती चढवली.

तिने खांबासारखं उभट, आतून पोकळ मडकं घडवलं. माळ्याला आता विचारायची सवय लागली होती. त्याने विचारलं, "मावशी, हे पाझरतं कसं?"

"मातीत बारीक भुसा मळते. भट्टीत तो जळून जातो, पण त्याच्या जागा तशाच राहतात. पाणी त्या रिकाम्या जागांतनं येतं."

त्याच्याबरोबर आलेली माळीण ते ऐकून बराच वेळ त्या मडक्यावरून हात फिरवत राहिली.

रोप मडक्याला बाहेरून चिंधीने बांधलं आणि आत पाणी भरलं. पाणी एका जागी साचत नव्हतं आणि पुरतं आटतही नव्हतं. सकाळी एक तांब्या, बस. काही महिन्यांनी हिरव्या टोकाचं नवं मूळ निघालं आणि मडक्याला बिलगलं. पहिला ज्येष्ठ फुलाविना गेला. दुसराही गेला. माळी नाव कधी सोडताय, असं लोक चिडवत. तो म्हणे, "सोडतो, घाई काय आहे?" तिसऱ्या ज्येष्ठात पानांच्या बेचक्यातून तुरा डोकावला आणि आठ दिवसांत वेणी पुरती उलगडली.

माळिणीने ती तोडली नाही. तिने नवऱ्याला बैलगाडी जुंपायला लावली आणि मडकं मांडीवर घेऊन दोन दिवसांची वाट धरली. आजवर भाऊ बहिणीकडे वेणी आणत होता. आता बहीण भावाकडे वेणी घेऊन निघाली.

भाऊ ओट्यावर बसला होता. त्याला आता नीट दिसत नव्हतं. माळ्याने आधी मनातलं विचारून घेतलं, "मेव्हणे, रोप आणलंत तेव्हा तुम्ही काहीतरी सांगत होता. काय ते?"

"हेच, की मातीत लावू नका," भाऊ म्हणाला, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग माळिणीने मडकं त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याचा हात धरून वर टेकवला. म्हातारा मुळं चाचपत गेला, फुलांपाशी थांबला, पुन्हा खाली आला. त्याचा तळवा ओला झाला होता. त्याने तो गालाला लावला.

"आपल्या आंब्याचं खोड," तो म्हणाला, "अगदी असंच लागायचं हाताला."

तात्पर्य: माया घागरीने ओतू नये, पाझरू द्यावी. आणि पाझरणाऱ्याला गळकं म्हणण्याआधी एकदा विचारून पाहावं.