खंड्या बसलेला दोर

फार जुन्या काळी एका खाडीच्या काठावर गलबतं बांधायचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यात एक मुकादम होता. रागीट म्हणजे किती? नाकावर माशी बसली तर तिलाही कामावरून काढून टाकायला निघायचा. पण त्याच्या हाताखालचं गलबत असं पक्कं बनायचं, की पाण्याचा थेंब आत शिरायला घाबरावा.

त्या कारखान्याची एक रीत होती. गलबत तयार झालं की त्याच्याखाली गोल ओंडके घालायचे, पुढून एक जाडजूड दोरखंड बांधायचा आणि सगळ्यांनी तो धरून गलबत पाण्यात ओढायचं. मुकादम वर टेकाडावर उभा राहून "हैय्या!" म्हणायचा. खालून सगळे "हो!" म्हणायचे. मग जो सगळ्यांत जोरात कण्हेल, ज्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगतील, त्याला मुकादम मानाचा नारळ द्यायचा. टेकाडावरून दुसरं दिसणार काय? तोंडंच दिसायची. तरुणपणी मुकादम स्वतःही असाच कण्हून कण्हून टेकाडावर पोचला होता.

नारळ बहुतेक एकाच्याच घरी जायचा. त्याला सगळे तुतारीदादा म्हणत. दोराला हात लागायच्या आधीच हा कण्हायला लागायचा. पलीकडच्या तीरावर म्हशी बिथरायच्या. दुसरा एक सुतार होता, अबोल्या. तो दात-ओठ खाऊन ओढायचा, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. त्याच्या वाट्याला कधी करवंटीही आली नाही.

हळूहळू माणसं शहाणी झाली. असल्या बाबतीत माणसं फार लवकर शहाणी होतात. गलबतं लहान होती तोवर खपून गेलं. दोघं-चौघं ओढायचे, बाकीचे गळा साफ करून घ्यायचे.

मग एका व्यापारीणबाईनं मोठं गलबत बांधायला दिलं. बाई पिकल्या केसांची, एकटीनं धंदा वाढवलेली, आणि जिभेला वस्तऱ्याची धार. अमावास्येच्या उधाणालाच काठाशी पुरेसं पाणी चढायचं, म्हणून तोच दिवस ठरला. बाईनं सकाळीच बजावलं, "मुकादम, आजची भरती चुकली तर पुढची सगळी गलबतं मी पलीकडच्या तीरावर बांधायला देणार. मग तुम्ही टेकाडावर बसून खेकड्यांना हुकूम सोडा."

मुकादमाला प्रश्न पडला, कारखान्याचं काम गेलं तर एवढ्या माणसांनी खायचं काय? पण तो तोंडानं म्हणाला, "बाई, माझी माणसं डोंगर ओढतील!"

पाणी चढलं. माणसं गुडघाभर पाण्यात उतरली. "हैय्या!" "हो!" असा गजर झाला, की झाडावरचे कावळे उडून गेले. तुतारीदादाचे तर डोळे बाहेर यायचे बाकी होते.

गलबत हललं नाही.

पुन्हा गजर. पुन्हा नाही. मुकादमाचा घसा बसला. तेवढ्यात बाई म्हणाली, "अहो मुकादम, जरा खाली बघा. तुमची माणसं गलबत ओढतायत, की त्या पाखराला झोका देतायत?"

मुकादमानं बघितलं. दोराच्या मधोमध एक निळा खंड्या बसला होता. चोचीनं पंख साफ करत होता. इतकी माणसं बोंबलत होती, पण त्याच्या पायाखालचा दोर वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबत होता.

मुकादम टेकाडावरून धावत खाली आला. "कोण ओढत नाही रे?" तो गरजला.

प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटच्या माणसाला शेजारी नव्हता, त्यानं समुद्राकडे दाखवलं.

अबोल्या तेवढा बोलला. "मी नाही ओढत, मुकादम."

"तू? तू तर इमानी माणूस!"

"होतो. इतकी वर्षं ओढलं, नारळ ओरडणाऱ्याला मिळाला. आता मीही ओरडायला शिकतोय. पण जमत नाही हो, घसा धरतो."

मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला आत्ताच्या आत्ता हाकलावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण पाणी गलबताच्या बुडाला लागलं होतं, आता उतरायलाच लागणार होतं. आणि त्याच्या मनात आलं, हा खोटं कुठं बोलतोय? नारळ देणारा हात तर माझाच.

त्यानं राग गिळला. मोठा घास होता, पण गिळला. "गलबतावर शिडांचे नवे दोर पडलेत, ते काढा!" तो म्हणाला. "ज्याचा त्याचा दोर वेगळा बांधा. मलाही एक द्या."

"तुम्हाला?" तुतारीदादा दचकला.

"मग काय टेकाडाला देऊ?"

दोर बांधले. आता जो ढिला, त्याचा दोर लोंबलेला साऱ्या गावाला दिसणार. तुतारीदादानं सवयीनं कण्हायला तोंड उघडलं, तर बाई ओरडली, "तुझ्या दोरावर खंड्या बसेल रे मेल्या!" सगळे खो खो हसले. मग दुसरा कुणी म्हणाला, "मुकादम, तुमचाही लोंबतोय!" खरंच लोंबत होता. मुकादमानं लाजून पाय रोवले.

आणि गंमत बघा, "हैय्या" म्हणायला कुणाकडे दमच उरला नाही. सगळीकडे शांत. फक्त ओंडके कुरकुरले. मग गलबत म्हशीसारखं सुस्तपणे हललं, घसरलं, आणि धप्पकन पाण्यात! सगळ्यांच्या अंगावर लाट आली. मुकादमाचं पागोटं वाहून गेलं, ते बाईनं काठीनं काढून दिलं.

मग मात्र सगळे ओरडले. ते ओरडणं खरं होतं.

सगळ्यांत ताकदवान कोण निघाला? तुतारीदादा! इतक्या वर्षांची ताकद शिल्लकच होती ना. तो हातावरचे फोड सगळ्यांना दाखवत फिरला. "बघा, बघा, माझे स्वतःचे आहेत!"

मुकादमानं मानाचा नारळ घेतला आणि अबोल्याच्या हातात दिला. अबोल्यानं तो गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडला आणि तुकडे सगळ्यांना वाटले. पहिला मुकादमाला. बाई खोबरं चघळत म्हणाली, "पुढचं गलबत याहून मोठं हवं हं." खंड्या तेवढा रुसून डोलकाठीवर जाऊन बसला. त्याचा झोका गेला होता.

तात्पर्य सांगून ठेवतो, नाहीतर नुसते हसून जाल: कण्हण्याला नारळ द्याल तर कण्हणंच पिकेल, गलबत जागचं हलायचं नाही. आणि दुसऱ्याचा दोर तपासायच्या आधी टेकाडावरून उतरून एक दोर आपल्या हातात घ्यावा.