चिंगीचं पिल्लू फुग्याच्या डब्यात

शाळेचं मैदान. मैदानात एक बीळ. बिळात राहायची चिंगी उंदरीण. तिला एकच पिल्लू. इवलंसं, चिंचोक्याएवढं.

एक दिवस मुलांनी मोठ्ठा फुगा आणला. फुग्याला दोरी. दोरीला डबा. डब्यात कॅमेरा, कॅमेऱ्याभोवती कापूस. फुगा ढगांच्याही वर जाणार होता. तिथे फार फार थंडी!

चिंगी बिळात आली. पिल्लू कुठाय? बिळात नाही. गवतात नाही. तेवढ्यात डब्यातून आवाज आला, "चीं चीं!" मऊ कापूस बघून पिल्लू आत शिरलं होतं. अन् चिकटपट्टी लावून डबा झाला बंद!

फुस्स फुस्स! फुगा फुगला. चिंगी पळाली तुरुतुरु.
"झाकणा झाकणा, उघड ना! पिल्लू मिळेना!"
"पट्टी सुटली तर उघडेन."

फुस्स फुस्स! फुगा फुगला. चिंगी पळाली तुरुतुरु.
"चिकटपट्टी, सूट ना! झाकण उघडेना, पिल्लू मिळेना!"
"तेजलने कापलं तर सुटेन."

मुलांमधली तेजल कात्री घेऊन उभी होती.
"तेजल तेजल, काप ना! पट्टी सुटेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना!"
"बाई म्हणाल्या तर कापेन. बंद डबा उघडायचा नाही, असं ठरलंय गं."

फुस्स फुस्स! फुगा फुगला. चिंगी पळाली तुरुतुरु.
"बाई बाई, सांगा ना! तेजल कापेना, पट्टी सुटेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना!"
"वजनकाटा म्हणाला तर सांगेन. मघाशीच वजन केलंय. बरोब्बर भरलं!"

"काट्या काट्या, बोल ना! बाई सांगेनात, तेजल कापेना, पट्टी सुटेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना!"
"डबा अंगावर आला तर बोलेन. मला कुठे हात आहेत?"

फुगा झाला टम्म! मुलं ओरडली, "दहा... नऊ... आठ..."
चिंगी धावली फुग्याकडे.
"फुग्या फुग्या, थांब ना! काटा बोलेना, बाई सांगेनात, तेजल कापेना, पट्टी सुटेना, झाकण उघडेना, पिल्लू मिळेना!"

फुगा वाकला. हळूच म्हणाला, "मी पहिल्यांदाच जातोय. मलाच भीती वाटते. इवल्या पिल्लाला कसं नेऊ?"

तो डुलला, डुगडुग डुगडुग. दोरी ताणली. डबा उचलला. धप्प! बसला काट्यावर.

काटा बोलला, "एक पिल्लूभर जास्त!"
बाई म्हणाल्या, "थांबा, थांबा! काप गं तेजल!"
तेजलने कापलं, कच्च! पट्टी सुटली, टर्र! झाकण उघडलं, फट्!
आणि पिल्लू? रडून रडून कापसातच झोपलेलं!
चिंगीने त्याला चाटलं. कुशीत घेतलं.

मुलांनी डबा पुन्हा बंद केला. "तीन... दोन... एक!"
फुगा निघाला वर, वर. एकटाच.
चिंगी खालून ओरडली, "सांभाळून जा रे बाळा! थंडी वाजली तर खाली ये!"

फुगा ढगात, पिल्लू बिळात, गोष्ट शिरली तुमच्या पांघरुणात.