बसणाईची वेस

कोरनेर शहराचा कोट बघायला येणारे बहुतेक लोक पूर्वेच्या वेशीशी थांबतात. वेशीचे उजवे कवाड मिटलेले असते, डावे सताड उघडे. त्याच्या बिजागऱ्या गंजून दगडाशी एकजीव झाल्या आहेत. वर, जुन्या नगारखान्यात शहराचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथली नाणी, तलवारी, मोडक्या मूर्ती पाहून माणसे खाली उतरली की माळवदे अण्णा त्यांना सावलीत घेतात. अण्णांनी पुष्कळ वर्षे हे शहर लोकांना दाखवले आहे. आता जिना चढताना त्यांना धाप लागते, पण या वेशीची हकिकत ते उभ्यानेच सांगतात.

फार पूर्वी इथे येसू नावाची कोळीण राहत असे. गडीमाणसांच्या बरोबरीने नदीचे पाणी कोटात वाहून आणायचे, हे तिचे काम. तिचा नवरा याच कामात झिजून गेला, मग त्याची खेप तिच्या डोक्यावर आली. म्हणे, तिला कोणी कधी बसलेले पाहिले नव्हते.

एका साली पाऊस आला नाही, दुसऱ्या सालीही नाही. नदी आटली. येसू दूरच्या डोहापर्यंत जाऊ लागली. वाटेवरच्या वाड्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. ज्यांच्या ओसरीवर तिने ताक प्यायले होते ती माणसे आता पोरेबाळे, म्हातारी घेऊन शहराच्या रोखाने निघाली होती. शहरात धान्याची कोठारे होती, हे सगळ्यांना ठाऊक होते.

किल्लेदारालाही ते ठाऊक होते. त्याने हिशेब केला आणि हुकूम सोडला, की आज दिवेलागणीला वेस मिटायची ती पाऊस पडेपर्यंत उघडायची नाही. किल्लेदार दुष्ट होता असे कोणी सांगत नाही. त्यालाही शहर जगवायचे होते.

त्या संध्याकाळी येसू शेवटची खेप घेऊन परतली. मागे रस्त्यावर धुळीचा लोट होता, आणि त्या धुळीत माणसे होती, फार हळू चालणारी. वेसकर रायनाक उजवे कवाड लावून डाव्याला हात घालत होता.

"बाई, चल लवकर आत," तो म्हणाला.

येसू उंबरठ्यापर्यंत आली. तिने डोक्यावरची घागर उतरवली, शेजारी ठेवली, डाव्या चौकटीला पाठ टेकली आणि खाली बसली.

"दादा, दम खाऊन उठते," ती म्हणाली.

रायनाक थांबला. शिपायांनी हाका मारल्या. मग किल्लेदार स्वतः खाली उतरला. त्याने विचारले, "हिला उठवत का नाही?"

"दमलेय सरकार," येसू बसूनच म्हणाली. "दम खाल्ला की उठते."

चौघे शिपाई पुढे झाले. असे सांगतात, की त्यांनी दंडाला धरले, कमरेला धरले, पण ती तसूभर हलली नाही. जन्मभर वाहिलेल्या साऱ्या पाण्याचे वजन तिच्या अंगात उतरले होते, असे जुनी माणसे म्हणत. तोवर धुळीतली माणसे वेशीशी पोहोचली. येसूला वळसा घालून, तिच्या घागरीतले ओंजळभर पाणी पिऊन ती एकामागून एक आत येत राहिली. किल्लेदार पाहत राहिला. एवढ्यांना परत लोटायचे तर शस्त्र उपसावे लागणार होते, आणि तेवढे त्याच्याने झाले नाही.

अंधार पडता पडता येसूने विचारले, "सगळी आली का, दादा?"

"आली, बाई."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

सकाळी किल्लेदार आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. अंग थंड पडले होते. त्याने खालच्या आवाजात तिला उचलायला सांगितले आणि तो रायनाकाला म्हणाला, "आता तरी वेस मीट."

रायनाकाने हात जोडले. "सरकार, दम खाऊन उठते म्हणाली होती. अजून उठली नाही."

किल्लेदार वळून निघून गेला. त्या साली कोरनेर अर्धपोटी जगले, पुष्कळ म्हातारी गेली, त्यात किल्लेदाराची आईही होती. पण डावे कवाड पुन्हा कोणी मिटले नाही, आणि येसूला लोक बसणाई म्हणू लागले.

येसू मनाशी ठरवून बसली, की खरोखरच तिचे पाय गेले होते? पाहुणे विचारतात. अण्णा म्हणतात, "दमलेल्या माणसाला असं विचारू नये."

अजूनही त्या उंबरठ्यावर कोणी टेकले तर कोरनेरकर त्याला ऊठ म्हणत नाहीत. मागच्या वैशाखात केरसुण्या विकणारी एक म्हातारी तिथे जिन्याच्या दाराला टेकून बसली आणि तिचा डोळा लागला. संग्रहालय बंद करायची वेळ होऊन गेली. रखवालदार किल्ल्या मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. उशीर का झाला म्हणून त्याची बायको घरून बघायला आली. त्याने नुसते बोट दाखवले. तिने पदर सावरला आणि तीही त्याच्याशेजारी बसली.