म्हाळसाबाईचे पटकूर

मालणपेठच्या विद्यापीठात पहिल्यांदा येणारा माणूस गुरुवारी आला तर गोंधळतो. टेकडी चढून, दगडी कमानीतून तो आत शिरतो आणि समोर बघतो तर कांद्याचे ढीग. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लुगडी पसरलेली, शारदेच्या देवळाला टेकून मडकी रचलेली, आणि या सगळ्याच्या मधोमध पिंपळाच्या पारावर एक प्राध्यापक घसा ताणून शिकवत असतात. पाराच्या पायथ्याशी एक पांढरे पटकूर अंथरलेले असते. त्यावर काहीच मांडलेले नसते.

"हे कुणाचं दुकान?" पाहुणा विचारतो.

"म्हाळसाबाईचं," देवळाचे गुरव भिवाबा म्हणतात. "बसा, सांगतो." ही गोष्ट त्यांनी इतक्यांना सांगितली आहे की आता त्यांचा आवाज चढत नाही आणि उतरतही नाही.

फार पूर्वी, असे सांगतात, विद्यापीठ टेकडीवर होते आणि बाजार पायथ्याशी. टेकडीवर शेत नव्हते, मळा नव्हता. टेकडीला पेठ पोसत होती. पेठेत साळ्यांचे माग चालत, लमाणांचे तांडे बैल घेऊन येत, लुगडी दूरदूर जात, आणि त्या धंद्यावर विद्यार्थ्यांची पोटे भरत. प्रत्येकाला पेठेत वार लावून दिलेले असत. सोमवारी या घरी जेवायचे, मंगळवारी त्या घरी. ज्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नसे तो शिधा आणी. सोवळे पोटाच्या आड येत नसे. दिव्यांना तेल तेल्याचे, पोथ्यांना बासने रंगाऱ्याची. जेवून वर आले की विद्यार्थी अन्नाची थोरवी घोकत. अन्न कुणाचे, हे त्या पाठात नव्हते.

वार लावायचे काम म्हाळसाकडे होते. कुलपती नृसिंहाचार्यांची ही पोरकी नात. आजोबांनी तिला मांडीवर घेऊन शिकवले होते आणि सगळे पाठ तिला तोंडपाठ होते. पारावर बसून शिकवायची तिला मोठी आस होती. बाईमाणूस म्हणून परवानगी नव्हती. पाराच्या आडून इतरांच्या चुका सुधारायची मात्र होती. शेवटी आजोबांनी शब्द दिला, "येत्या वसंतपंचमीला तू पारावर बसशील." ती दिवस मोजत राहिली.

त्याच वर्षी वडीलधाऱ्यांना बाजाराचा आवाज सोसेनासा झाला. मागांची खटखट, भावांची घासाघीस. एकदा ऐन वादसभेत एक बैल असा काही हंबरला की आचार्य आपला मुद्दाच विसरले. ठरले, की बाजार नदीपलीकडे न्यायचा.

"मग वार कुठं लावू, आजोबा?" म्हाळसाने विचारले.

"पोरी, पेठ आहे ती आपल्या पुण्याईनं," आजोबा म्हणाले.

पेठेचे प्रमुख धोंडशेट यांनी गुरूंचा शब्द खाली पडू दिला नाही. पाले उठली, माग गाड्यांवर चढले. टेकडीवर शांतता झाली आणि वडीलधारी मंडळी खूश झाली.

पावसाळ्यात नदीला उतार राहिला नाही. तांडे अलीकडच्या काठावर थांबले, कंटाळले आणि दुसऱ्या गावच्या पेठेकडे वळले. ते परत आलेच नाहीत. माग बंद पडले. मग विद्यार्थ्यांच्या आठवड्यातून एकेक वार गळू लागला. आधी बुधवार गेला, मग शनिवार. पोरे वळकट्या बांधून निघून जाऊ लागली. वडीलधाऱ्यांनी निदान केले, की पुण्य कमी पडते आहे, अनुष्ठान करावे.

"अनुष्ठानाला तूप कुठनं आणणार?" म्हाळसा म्हणाली.

"तुझं वय काय, आणि बोलतेस काय!"

"वय सांगून तूप मिळत असेल तर सांगते."

वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारला की ते वय विचारतात. ही रीत त्या काळीही होती म्हणायची.

ती होडीने पलीकडे गेली आणि बाजार परत आणा म्हणून धोंडशेटांच्या हातापाया पडली. धोंडशेट मागाच्या रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. ते म्हणाले, "बाई, एकदा उठवलेला बाजार पुन्हा बसत नाही. आणि बसलाच, तर पायथ्याशी नको, तुमच्या अंगणात बसेल. म्हणजे पुन्हा उठवताना तुम्हालाही उठावं लागेल. आणि हो, टेकडीचा शब्द आम्हाला फार महागात पडलाय. आता शब्द नको."

शारदेच्या अंगणात बाजार? वडीलधाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. नृसिंहाचार्य तेवढे शांतपणे म्हणाले, "म्हाळसे, बाजारात बसलीस तर पारावर बसता येणार नाही. दोन्हींतलं एक निवड."

वसंतपंचमी तोंडावर आली होती. म्हाळसा देवळात गेली आणि शपथ वाहिली, की अंगण माणसांनी भरेपर्यंत अक्षर उच्चारणार नाही. मग गुरुवारी तिने पारासमोर पटकूर अंथरले, स्वतः नकललेली पोथी त्यावर मांडली आणि मुक्याने बसून राहिली.

कुणी आले नाही. वडीलधारी मंडळी धोतराचे सोगे आवरून वळसा घालून जात. वसंतपंचमी आली आणि गेली. पारावर दुसरेच कुणी बसले. ऊन झाले, पाऊस झाला. ती दर गुरुवारी पटकूर पसरायची आणि सांजेला घडी घालून उठायची. घरी परत चल, अशी तिला विनंती करणारेही हळूहळू दमले. सगळ्यात जास्त दमली ती स्वतः, पण ते सांगायला शब्द नव्हते.

एका गुरुवारी तानू कुंभारीण उरलेली दोन मडकी घेऊन वर आली. "गिऱ्हाईक नाही तुझ्याकडं," ती म्हणाली, "पण सावली बरी आहे गं." आणि शेजारी टेकली. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचे मडके नेमके फुटले होते. त्याने एक घेतले. ती त्या अंगणातली पहिली बोहनी.

पुढच्या खेपेला तेलीण आली, मग भाजीवाली. एक दिवस धोंडशेट स्वतः येऊन कमानीत उभे राहिले, अंगणात मांडलेली दुकाने मोजली आणि परत गेले. नंतर लुगड्यांचे गठ्ठे आले. तांडे वाट बदलून आले. माग अलीकडे आले, वार पुन्हा लागले. याला वर्षे गेली. शारदेची मूर्तीसुद्धा बाजाराकडे वळली म्हणतात. तिचे तोंड तिरपे आहे हे खरे. पाया खचला असेल, असे म्हणणारेही आहेत.

अंगण भरले त्या गुरुवारी नृसिंहाचार्य काठी टेकत बाजारात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांना भाव कसा विचारायचा तेही ठाऊक नव्हते. नातीच्या पोथीकडे बोट करून म्हणाले, "ही... देतेस का?" तिने पोथी त्यांच्या हातात ठेवली. मग त्यांनी पाराकडे हात केला. "चल, बस तिथं. माझं चुकलं."

म्हाळसा पारावर चढली. घासाघीस थांबली. तिने तोंड उघडले आणि पहिल्याच ओळीवर अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. इतक्या वर्षांच्या मौनात पाठ झिजून गेले होते. वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या.

ती उतरली आणि आपल्या पटकुरावर जाऊन बसली.

"मी दमले, आजोबा," ती म्हणाली. "आता तुम्हीच शिकवा. पण जरा मोठ्यानं. मला इथवर ऐकू यायला हवं."

आजही नवे विद्यार्थी पहिल्या गुरुवारी अंगणात काहीतरी विकत घेतल्याशिवाय वर्गात जात नाहीत. आजही ते साळ्यांच्या माळ्यांवर भाड्याने राहतात, पेठेतल्या खाणावळीत जेवतात, रंगाच्या कारखान्यात काम शिकतात, आणि व्यापाऱ्यांच्या देणगीतून बांधलेल्या इमारतींत बसून स्वावलंबनावर निबंध लिहितात. अंगणातला बाजार शोभत नाही म्हणून दर काही वर्षांनी ज्येष्ठांची एक समिती नेमली जाते. समितीचा चहा त्याच बाजारातून येतो.

आणि आजही गुरुवारी पारावरच्या प्राध्यापकांचा आवाज जरा पडला, की मिरच्यांच्या ढिगाआडून एखादी बाई ओरडते, "ओ सर, मोठ्यानं! आमच्या बाईला ऐकू येईना!"