मागचं वादळ

खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची एक वाडी होती. तिथे नाथा तांडेल नावाचा म्हातारा राहायचा. वीस वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं, तेव्हा सगळी वाडी टेकडीवर गेली. नाथा एकटा घरात बसून राहिला आणि त्याच्या घराला पाणी शिवलंही नाही. तेव्हापासून वादळाच्या बाबतीत वाडी त्याचाच शब्द मानायची.

एका सकाळी तालुक्याहून माणूस सांगत आला, "वादळ येतंय. दुपारच्या आत टेकडीवरच्या शाळेत चला."

बायकांनी गाठोडी बांधली, पण पाय निघेनात. ऊन तर स्वच्छ पडलं होतं. कुणी गाठोडं सोडलं, पुन्हा बांधलं. जो तो नाथाच्या दाराकडे बघत होता.

नाथा म्हणाला, "मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं. काय झालं? काही नाही."

ते ऐकून त्याचा दोस्त पोशा घरी जाऊन निवांत जेवायला बसला.

नाथाच्या सुनेचा, हिरूचा, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ती सारखी आत-बाहेर करत होती. शेवटी तिने विचारलं, "मामा, मागच्या वेळी भरती होती की ओहोटी?"

नाथाने खाडीकडे पाहिलं. एवढा दर्यावर्दी माणूस, पण त्याने तसा विचारच केला नव्हता. त्या दिवशी ओहोटी होती. आज पौर्णिमा, ऐन दुपारी उधाणाची भरती.

"घर भक्कम होतं म्हणून वाचलो नाही मी," तो हळूच म्हणाला. "पाणी लांब होतं. चला, उठा सगळे."

वाडी निघाली. पोशा तेवढा हलेना. नाथा त्याच्या दारी गेला, तर पोशा म्हणाला,

"सकाळी तूच म्हणालास ना, काही होत नाही?"

"चुकलो मी."

"आता घाबरलास."

"हो, घाबरलो."

वारा सुटला होता. अंगणातली जाळी उडत होती, पाणी पायरीला लागलं होतं. नाथा पोशाच्या ओट्यावर बसला. "तू येणार नसशील तर मीही जात नाही. माझ्या शब्दापायी तू एकटा बुडायला नको."

पोशाने पायरीवरचं पाणी पाहिलं. मग उठला. एकमेकांचा हात धरून दोघे कमरेएवढ्या पाण्यातून टेकडीला लागले.

दुसऱ्या दिवशी सगळे खाली उतरले, तर नाथाच्या घराच्या जागी नुसता गाळ होता. पोशाच्या घराचा एक खांब उभा होता. नाथाने तिथेच उभं राहून वाडीतली माणसं मोजली. मग पुन्हा मोजली. सगळी होती.

तात्पर्य: मागच्या संकटातून आपण का वाचलो हे नीट कळल्याशिवाय त्या वाचण्यावर विसंबू नये, आणि आपण कुणाला चुकीचं सांगितलं असेल, तर ते सुधारायला आपणच त्याच्या दारी जावं.